जळगावहून जर्मनीला कुत्रा आणि मांजर न्यायचंय, नियम नीट माहीत असलेलं कुणी आहे का?

मेहरूणची_लेक

नमस्कार मंडळी. मी जळगावला असते, नवरा गणपतीनंतर नोकरीसाठी स्टुटगार्टला गेला आणि आता माझा पण व्हिसा आलाय, तर फेब्रुवारीच्या शेवटी निघायचं असं घरात चाललंय. प्रश्न माझ्या दोन लेकरांचा आहे. एक शेरू, गावठी कुत्रा, चार वर्षांचा, वजन १८ किलो, एमआयडीसीत एका गोडाऊनच्या मागे सापडला तेव्हा त्याला बशीतलं दूध पण नीट पिता येत नव्हतं. दुसरी मनी, साधी घरातली मांजर, साडेतीन किलोची, ती कधी उंबऱ्याबाहेर गेलेली नाही. शेरूला दरवर्षी रेबीजची सुई असते, यंदाची जुलैत झाली. मनीला घरातच असते म्हणून आजवर कुणी सुई द्या असं सांगितलंच नाही. कातडीखाली बसवतात ती ओळखीची चिप दोघांनाही नाही.

एका एजंटला फोन केला तर तो म्हणे तुम्ही तिकीट काढा, डॉक्टरचं फिटनेस सर्टिफिकेट आणा, बाकी आम्ही बघतो, आणि पैसे सांगितले ते माझ्या स्वतःच्या तिकिटापेक्षा कितीतरी जास्त. दुसरा म्हणे जर्मनीत सहा महिने क्वारंटाईनमध्ये ठेवतात. कुठे वाचलं की आठ किलोपर्यंत आपल्याजवळ घेऊन बसता येतं, कुठे वाचलं की भारतातून कुणालाच केबिनमध्ये घेत नाहीत. कुणाचं खरं मानायचं तेच कळत नाहीये.

सासूबाई म्हणतात शेरूला इथेच राहू दे, वाड्यात मोकळा फिरतो, तिकडे बर्फात त्याचे हाल होतील. त्यांचाही जीव आहे त्याच्यावर म्हणून बोलतात. पण मला त्याला सोडून जायचं नाहीये. आत्ता नोव्हेंबर चालू आहे, फेब्रुवारीपर्यंत होईल ना सगळं? ज्यांनी स्वतः नेलंय त्यांनी प्लीज सविस्तर सांगा.

फ्रँकफुर्टचा_अमळनेरकर

ताई, मी आमचं मांजर मुंबईहून इकडे आणलंय म्हणून लिहितोय, आणि इकडे आलेल्या दोनतीन मराठी घरांना कुत्र्याच्या कागदात मदत पण केलीये.

पहिलं म्हणजे विमान कंपनीचा नियम वेगळा आणि देशाचा नियम वेगळा. कंपनी फक्त एवढंच बघते की प्राणी केवढा, पेटी केवढी, केबिनमध्ये की खाली. जर्मनीत पाय ठेवता येईल की नाही ते युरोपियन युनियनच्या नियमावर ठरतं आणि तुमचा सगळा वेळ तिकडेच जाणार आहे. रेबीज आटोक्यात असलेल्या देशांच्या त्यांच्या यादीत भारत नाही, त्यामुळे आपल्याकडून जाणाऱ्या कुत्र्यामांजराला रक्ताची टेस्ट लागते. क्रम असा आहे आणि तो उलटासुलटा झालेला चालत नाही: आधी १५ आकडी आयएसओ मायक्रोचिप, मग रेबीजची लस, लसीनंतर कमीत कमी ३० दिवस गेले की रक्त काढायचं, ते युरोपियन युनियनने मान्य केलेल्या लॅबमध्येच तपासायचं, रिपोर्टमध्ये रेबीजविरुद्धच्या अँटीबॉडीचा आकडा ०.५ आययू प्रति मिली किंवा जास्त यायला पाहिजे, आणि रक्त काढल्याच्या तारखेपासून तीन महिने थांबायचं. रिपोर्टच्या तारखेपासून नाही, रक्त काढल्याच्या तारखेपासून, हे नीट लक्षात ठेवा कारण यात लोक उगाच महिना महिना जास्त थांबतात.

आता तुमचा हिशोब करा. समजा २० नोव्हेंबरला दोघांना चिप बसली आणि त्याच दिवशी लस दिली, तर रक्त २० डिसेंबरच्या आधी काढता येत नाही. २२ डिसेंबरला काढलं तर २२ मार्चच्या आधी जर्मनीत प्रवेश नाही. म्हणजे फेब्रुवारी विसरा. शेरूची जुलैची लस चिपच्या आधीची आहे, ती तिकडे धरत नाहीत, जणू दिलीच नाही असं समजतात, म्हणून चिपनंतर परत द्यावीच लागेल. मांजराला पण हेच्या हेच, घरात राहते म्हणून सूट नाही.

क्वारंटाईनचं म्हणाल तर कागद पूर्ण असतील तर जर्मनीत क्वारंटाईन नाही, विमानतळावर चिप वाचतात, कागद बघतात आणि सोडतात. कागद अपुरे असतील तर मात्र परत पाठवणं किंवा मालकाच्या खर्चाने वेगळं ठेवणं असले प्रकार होतात, आणि दोन्ही शक्य नसेल तर त्या जनावराला कायमचं झोपवण्याची पण तरतूद नियमात आहे. म्हणून "आम्ही बघतो" म्हणणाऱ्या एजंटला हा तीन महिन्यांचा नियम विचारा, त्याला माहीत नसेल तर फोन ठेवून द्या.

केबिनचं असं आहे की लुफ्तान्सात पिशवी धरून ८ किलोपर्यंत प्राणी केबिनमध्ये चालतो, मऊ पिशवी जास्तीत जास्त ५५ बाय ४० बाय २३ सेंटीमीटर, समोरच्या सीटखाली ठेवायची. मांडीवर घ्यायला परवानगी नाही, पूर्ण प्रवासभर पिशवीतच. टर्किशमध्ये पण ८ किलोच. एमिरेट्स आणि कतारमध्ये कुत्रं मांजर केबिनमध्ये नाहीच, अंध माणसांसोबतचे कुत्रे सोडून. मनी सहज बसेल, शेरू खाली होल्डमध्ये, म्हणजे विमानाच्या पोटात जाईल. आणि तिकीट काढताना प्राण्याची जागा आपोआप मिळत नाही, एका विमानात ठराविकच प्राणी घेतात, तेव्हा फोन करून दोघांचं कन्फर्मेशन लेखी मिळालं की मगच पैसे भरा. होल्डच्या कुत्र्याला त्यांच्या भाषेत एव्हीआयएच म्हणतात आणि केबिनच्या प्राण्याला पेटसी, फोनवर हे शब्द वापरले की समोरचा माणूस पटकन मुद्द्यावर येतो.

धुळ्याचा_जनावरांचा_डॉक्टर

वरच्या भाऊंनी क्रम बरोबर सांगितलाय, मी फक्त दवाखान्याच्या बाजूने लिहितो कारण चुका तिथेच होतात आणि त्या चार महिन्यांनी विमानतळावर उघड्या पडतात.

चिप बसवायच्या आधी ती स्कॅनरने वाचून बघा, बसवल्यावर परत वाचा, आणि तो १५ आकडी नंबर लसीच्या पुस्तकात लसीच्या नोंदीच्या आधी लिहिलेला पाहिजे, चिपच्या तारखेसकट. लसीच्या बाटलीवरचं स्टिकर पुस्तकात चिकटवून घ्या, बॅच नंबर, दिल्याची तारीख, कधीपर्यंत चालेल ती तारीख, डॉक्टरची सही, शिक्का आणि कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर. तारखेत खाडाखोड असेल तर नवीन पान घ्या. सरकारी दवाखान्यात गर्दीच्या वेळी नुसतं "एआरव्ही दिली" (म्हणजे रेबीजची लस दिली) असं लिहून देतात, त्यात डॉक्टरांचा दोष नाही, दाराशी गाईगुरांची रांग असते, पण तुम्ही थांबून सगळं लिहून घ्यायचं.

रक्ताबद्दल. लॅबला नुसतं रक्त नाही तर सिरम लागतं, म्हणजे रक्त काढून सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवून वरचं पिवळसर पाणी वेगळं करायचं आणि गार ठेवून पाठवायचं. रक्त फुटून सिरम लाल झालं की सँपल नाकारलं जाऊ शकतं आणि परत सगळं पहिल्यापासून. आपल्याकडच्या उन्हात हे सांभाळणं अवघड आहे, डिसेंबर आहे म्हणून बरं, तरी माझं मत असं की रक्त मुंबईला किंवा पुण्याला जिथे हे काम रोजचं आहे तिथे जाऊन काढा. लॅबचं नाव युरोपियन युनियनच्या यादीत आहे का ते स्वतः यादी उघडून बघा, कुणाच्या तोंडावर जाऊ नका. फॉर्मवर चिप नंबर नसेल तर रिपोर्टचा उपयोग शून्य.

मनीची काळजी मला जास्त वाटते. तिला आयुष्यात पहिल्यांदा रेबीजची लस मिळणार, आणि एकाच लसीवर काही जनावरांचा आकडा ०.५ च्या खाली राहतो. शेरूला आधीच्या वर्षांची सवय आहे त्याचा चांगला येईल. पहिल्या लसीनंतर फार उशीर केला तर आकडा उतरायला लागतो, म्हणून तिचं रक्त ३० दिवस झाले की लगेच काढा. आधीच बूस्टर द्यायचं का ते तुमच्या डॉक्टरांशी बोला, दिलं तर रक्ताचे ३० दिवस त्या बूस्टरपासून धरून चाला म्हणजे कुठे वाद नको.

आणखी एक. एकदा टेस्ट पास झाली की ती पुढे कायम चालते, पण अट अशी की पुढची लस आधीची मुदत संपायच्या आत दिली पाहिजे. एक दिवस जरी उशीर झाला तरी टेस्ट रद्द, परत लस, परत रक्त, परत तीन महिने. हे मी प्रत्येकाला दोनदा सांगतो.

भारताला यादीत का घेत नाहीत असं लोक चिडून विचारतात. जगात रेबीजने जे मृत्यू होतात त्यातले साधारण एक तृतीयांश आपल्या देशात होतात. रेबीज झालेला माणूस शेवटी पाणी बघून कसा करतो हे ज्याने एकदा पाहिलंय तो या नियमांना कटकट म्हणणार नाही.

मेहरूणची_लेक

तुमचे दोघांचे किती आभार मानू. फेब्रुवारी होणार नाही हे वाचून आधी रडू आलं पण आता निदान तारीख तरी कळली. नवऱ्याला रात्री सगळं वाचून दाखवलं, तो म्हणाला मार्चअखेर तर मार्चअखेर, तिघं मिळूनच या.

आता पुढचे प्रश्न. शेरूच्या पुस्तकावर मालक म्हणून नवऱ्याचं नाव आहे आणि तो तर आधीच तिकडे आहे, यात काही अडचण? मी एकटी, मनी केबिनमध्ये आणि शेरू खाली, असं एका तिकिटावर होतं का? जळगावहून मुंबईला कसं न्यायचं, इथल्या विमानतळावरून विमान आहे पण शेरूला घेतील का? आणि पेटी. ऑनलाईन जी मोठी पेटी दिसते तिची किंमत बघून डोळे फिरले, इथे सुताराकडून बनवून घेतली तर चालते का?

फ्रँकफुर्टचा_अमळनेरकर

मालकाचं नाव महत्त्वाचं आहे बरं झालं विचारलं. घरगुती प्राणी म्हणून सोप्या नियमात बसायचं तर मालक आणि प्राणी यांचा प्रवास पाच दिवसांच्या अंतरात व्हायला पाहिजे. तुमचे मिस्टर सप्टेंबरपासून इकडे आहेत म्हणजे ते त्यात बसत नाहीत, आणि मग तो व्यापारी माल धरला जातो, त्याचे नियम फार कडक आहेत. सरळ मार्ग म्हणजे पुस्तक, चिपची नोंदणी, रक्ताचा फॉर्म, सगळीकडे पहिल्यापासून तुमचं नाव टाका, पासपोर्टवर आहे त्याच स्पेलिंगने. नवीन पुस्तक करतच आहात तर हे आत्ताच होऊन जाईल.

एक माणूस, एक केबिनमध्ये आणि एक खाली, हे होऊ शकतं पण कंपनीने मान्य केल्यावर. मुंबईहून फ्रँकफुर्ट किंवा म्युनिक थेट विमान बघा, मध्ये कुठे बदलायचं ठेवू नका. दोन हजार रुपये वाचवायला आखातातून जाणारं तिकीट काढलं की त्या देशाचे आणि त्या कंपनीचे नियम पण गळ्यात पडतात. फ्रँकफुर्टला लुफ्तान्साचं जनावरांसाठी वेगळं अ‍ॅनिमल लाउंज आहे, घोड्यांपासून माशांपर्यंत सगळं तिथून जातं, लोकांना सवय आहे, त्यामुळे शेरू म्हणजे त्यांच्यासाठी काही नवल नाही.

शेवटच्या आठवड्याचं काम मुंबईतच आहे. केंद्र सरकारचं अ‍ॅनिमल क्वारंटाईन अँड सर्टिफिकेशन सर्व्हिसेस म्हणून ऑफिस आहे, त्यालाच लोक एक्यूसीएस म्हणतात. ते जनावर प्रत्यक्ष बघतात, चिप वाचतात आणि मग निर्यातीचं हेल्थ सर्टिफिकेट देतात. जर्मनीसाठी युरोपियन युनियनच्या ठरलेल्या नमुन्यातलं सर्टिफिकेट पण सरकारी पशुवैद्याच्या सहीशिक्क्यानेच लागतं आणि ते दिल्यापासून १० दिवसांच्या आत युरोपात पोचावं लागतं. म्हणजे जळगावातून फार आधी करून ठेवता येत नाही. अपॉइंटमेंट आधी घ्या, तिकीट, पासपोर्ट, लसीचं पुस्तक, टेस्टचा रिपोर्ट, फोटो, आणि तुमच्या डॉक्टरचं फिट टू फ्लाय, सगळ्याच्या तीन तीन झेरॉक्स. सुट्टीचा दिवस मध्ये येतोय का ते कॅलेंडर बघून विमानाची तारीख ठरवा, मार्चअखेरीला होळी, पाडवा, सरकारी वर्षअखेर असं काय काय असतं.

भुसावळ_जंक्शन

ताई, मुंबईपर्यंतचं मी सांगतो, आमच्या घरात रेल्वेची तिसरी पिढी चालू आहे.

इंडिगो पाळीव प्राणी घेत नाही, अकासा घेते पण ती जळगावला येत नाही. जळगावहून जी छोटी विमानं उडतात त्यांना विचारून बघा पण मी त्यावर भरवसा ठेवून बसलो नसतो.

रेल्वेत कुत्रा दोनच प्रकारे जातो. एक तर फर्स्ट एसीत, पण तिथे पूर्ण कूपे किंवा केबिन तुमच्याच नावाने असायला पाहिजे, म्हणजे दोघांचा कूपे तर दोन तिकिटं, आणि कुत्र्याचं बुकिंग पार्सल ऑफिसात वेगळं. सेकंड एसी, थर्ड एसी, स्लीपरमध्ये कुत्रा नेऊन राहिले असे लोक दिसतात, ते नियमात नाही, सहप्रवाशाने तक्रार केली की टीसी उतरवतो. दुसरा प्रकार गार्डच्या डब्यातली कुत्र्याची पेटी, तिथे तुम्ही सोबत नसता. मार्चअखेरीला दुपारची गाडी असली तर तो लोखंडी डबा म्हणजे भट्टी, शेरूला तिथे ठेवू नका. कूपे मिळाला तर भुसावळहून बसा, इथे गाडी जास्त वेळ थांबते, जळगावला घाईत सामान, मांजर, कुत्रा, कागद सगळं सांभाळायचं म्हणजे एकटीला जड जाईल. मांजर टोपलीत चालते पण तिचं पण बुकिंग करा.

खरं सांगू का, गाडी करून जा. संध्याकाळी सहासातला निघा म्हणजे ऊन उतरलेलं असतं, धुळे, मालेगाव, चांदवड करत नाशिक, आणि इगतपुरीला समृद्धीवर चढलात की थेट भिवंडीजवळ आमण्याला उतरता, २०२५ च्या जूनपासून तो शेवटचा टप्पा पण चालू झालाय, कसाऱ्याचा घाट लागत नाही. ड्रायव्हरला आधीच सांगा की कुत्रा आहे, ऐनवेळी नाही म्हणणारे आहेत. विमानाच्या दिवशीच पोचायचा प्लॅन करू नका, तीनचार दिवस आधी जा, ते क्वारंटाईनवाल्यांचं काम पण होतं आणि शेरूला पण शांत झोप मिळते. आपली अर्धी खान्देशी मंडळी कल्याण डोंबिवलीत आहेत, कुणी ना कुणी निघेल, कुणीच नसेल तर मला मेसेज करा, माझी बहीण आहे डोंबिवलीला, तिच्याकडे अंगण पण आहे.

वेल्डमेश_आणि_प्लायवूड

पेटी इथे बनवता येते, मी एमआयडीसीत फॅब्रिकेशन करतो, एका गिऱ्हाईकाच्या लॅब्रेडॉरला बनवून दिली होती आणि ती बिनतक्रार गेली. पण अंदाजाने बनवायची नाही. सगळ्या कंपन्या आयाटाच्या (विमान कंपन्यांची जागतिक संघटना) लाईव्ह अ‍ॅनिमल्स रेग्युलेशन्सप्रमाणे पेटी मोजतात, माप घ्यायची पद्धत ठरलेली आहे. कुत्रा सरळ उभा करा. नाकाच्या टोकापासून शेपटीच्या बुडापर्यंत एक माप, जमिनीपासून कोपरापर्यंत दुसरं, खांद्याची रुंदी तिसरं, जमिनीपासून डोक्यापर्यंत चौथं, कान उभे असतील तर कानाच्या टोकापर्यंत. पेटीची आतली लांबी म्हणजे पहिलं माप अधिक दुसऱ्याच्या निम्मं. रुंदी म्हणजे खांद्याची दुप्पट. उंची म्हणजे चौथं माप अधिक खाली जे अंथरणार त्याची जाडी. उदाहरणार्थ कुत्रा ७५ लांब, कोपर ३० वर, खांदा २०, उंची ६० असेल तर पेटी आतून ९० लांब, ४० रुंद आणि ६० पेक्षा थोडी जास्त उंच. चपट्या नाकाच्या जातींना याच्यावर अजून दहा टक्के.

प्लायवूड वापरा, भरीव लाकूड वापरलं तर त्याला परदेशी नियमाप्रमाणे हीट ट्रीटमेंटचा शिक्का लागतो, प्लायला लागत नाही. चारही बाजूंनी हवा पाहिजे, जाळी इतकी बारीक की नाक किंवा पंजा बाहेर निघता कामा नये. दार वेल्डमेशचं, कडी अशी की आतून धक्का मारला तर उघडणार नाही. आतल्या बाजूला एक पण खिळा, तारेचं टोक, धारदार कड नको, हात फिरवून बघा. चाकं असतील तर काढून टाका. पाण्याचं आणि खाण्याचं अशी दोन भांडी दाराला आतून पक्की, पण बाहेरून दार न उघडता भरता येतील अशी. वर आणि बाजूला जिवंत प्राणी असल्याचं लेबल आणि कुठली बाजू वर त्याचे बाण. प्लॅस्टिकची तयार पेटी घेतलीत तर नुसत्या क्लिपांवर जाऊ नका, दोन भाग धातूच्या नटबोल्टने आवळा.

एकच अडचण, घरी बनवलेली पेटी काही कंपन्या काउंटरवर बारकाईने तपासतात, म्हणून आधी मापं आणि फोटो ईमेल करून त्यांचं हो घ्या. आणि पेटीचं बाहेरचं माप पण विचारा, विमानाच्या पोटाच्या दारातून जायला पाहिजे.

धुळ्याचा_जनावरांचा_डॉक्टर

पेटी आत्ता डिसेंबरातच घरी आणा. दार काढून ठेवा, शेरूचं जेवण त्यात द्या, तुमची जुनी साडी किंवा ओढणी अंथरा. मार्चपर्यंत तो आपणहून तिथे जाऊन झोपला पाहिजे. झोपेची गोळी किंवा इंजेक्शन अजिबात नको, कुणी कितीही सांगितलं तरी. गुंगीत जनावराला तोल सांभाळता येत नाही, श्वास आणि रक्तदाब खाली जातो आणि वर बघायला कुणी नसतं. आयाटा पण गुंगीचं औषध देऊ नका असंच सांगतं आणि बऱ्याच कंपन्या गुंगीतलं जनावर घेतच नाहीत. होल्डमध्ये हवा नसते, थंडीने गोठतात, असं जे फिरतं ते चुकीचं आहे, जिथे प्राणी ठेवतात त्या भागात हवेचा दाब केबिनसारखाच असतो आणि तापमान पण राखतात. अंधार आणि आवाज असतो, त्याचीच सवय पेटीमुळे होते.

निघायच्या दिवशी चारपाच तास आधी हलकं जेवण, पाणी शेवटपर्यंत. गोचीड आणि जंतांचं औषध त्याच्या आधीच्या आठवड्यात, आपल्याकडच्या कुत्र्यांना गोचीडताप फार असतो, एकदा रक्त तपासून घ्या म्हणजे प्रवासाच्या ताणात ताप वर येणार नाही. आणि कागदावर जात लिहिताना मिक्स ब्रीड किंवा इंडियन पॅरिया असं लिहा. पिटबुल टेरियर, अमेरिकन स्टॅफर्डशायर, स्टॅफर्डशायर बुल टेरियर, बुल टेरियर आणि यांचे संकर जर्मनीत आणायला बंदी आहे, तेव्हा कुणी सहज "पिटबुलसारखा दिसतो" असं लिहून देऊ नये.

एडिसनची_रावेरकर

हे सगळं जर्मनीसाठी आहे हे वाचणाऱ्यांनी ध्यानात ठेवा हं, माझ्या भावाने असाच एक धागा वाचून अमेरिकेचं ठरवलं होतं. अमेरिकेत १ ऑगस्ट २०२४ पासून कुत्र्यांचे नियम बदललेत. भारत रेबीजच्या जास्त धोक्याच्या देशात येतो, म्हणून कुत्रा सहा महिन्यांपेक्षा मोठा पाहिजे, चिप पाहिजे, सीडीसीचा (अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेचा) फॉर्म, सरकारी पशुवैद्याने सही केलेलं लस आणि चिपचं सर्टिफिकेट, मान्य लॅबचा रक्ताचा रिपोर्ट, आणि उतरायचं फक्त त्याच विमानतळावर जिथे सीडीसीने नोंदलेलं अ‍ॅनिमल केअर सेंटर आहे, तिथे आधी बुकिंग करून. रक्ताचा रिपोर्ट नसेल तर तिथेच २८ दिवस क्वारंटाईन, तुमच्या खर्चाने. मांजराला यातलं जवळजवळ काही नाही, सीडीसी मांजराला रेबीजचा पुरावा मागत नाही, राज्याचे आणि कंपनीचे नियम बघायचे. इमोशनल सपोर्ट अ‍ॅनिमल म्हणून फुकट केबिनमध्ये नेता येतं असं अजून कुणीकुणी सांगतं, ते २०२१ पासून कंपन्यांनी बंद केलंय.

आणि इंग्लंडला जाणाऱ्यांनी, तिकडे कुत्रं मांजर केबिनमध्ये पण नाही आणि आपल्या सामानासोबत पण नाही, फक्त कार्गोने, वरून कुत्र्याला पोचायच्या आधी २४ ते १२० तासांत टेपवर्मचं औषध डॉक्टरकडून नोंद करून. ऑस्ट्रेलियात तर भारतातून थेट नेताच येत नाही.

जिभाऊ_पारोळा

पोरी, मी यातलं काही जाणत नाही, मला तुझ्या सासूबाईंच्या बोलण्यावर लिहायचंय. माझा मुलगा परदेशी गेला तेव्हा त्याचा कुत्रा आमच्याकडे ठेवून गेला. आम्ही जीव लावला, दूधभाकरी वेळेवर, काही कमी पडू दिलं नाही. तरी तो रोज संध्याकाळी फाटकाशी बसायचा. मुलगा व्हिडिओ कॉल करायचा तर आवाज ऐकून घरभर शोधायचा, मग आम्ही त्याच्यासमोर फोन लावणं बंद केलं. आमची म्हातारी म्हणायची, "त्याले समजस, बोलता येत नही एवढंच."

कुत्रा म्हातारा असता, आजारी असता तर मी ठेव म्हटलं असतं. चार वर्षांचा आहे, धडधाकट आहे, तू तीन महिने थांबायला तयार आहेस, तर घेऊन जा. थंडीचं काय, गावठी कुत्र्याला दुसऱ्या वर्षी अंगावर दाट केस येतात म्हणतात, तोवर कोट शिवून घे. सासूबाईंना मात्र रागावू नकोस, त्यांना शेरूच्या निमित्ताने तुम्ही पण जाताय याचं वाटतंय.

शिरपूर_पग_मॉम

माझाही एक प्रश्न जोडते. आमचा पग साडेनऊ किलोचा आहे, मुलगी नेदरलँड्सला आहे. आठ किलोच्या वर म्हणून खाली होल्डमध्ये द्यावा लागेल का?

धुळ्याचा_जनावरांचा_डॉक्टर

ताई, पग होल्डमध्ये देऊ नका. पग, बुलडॉग, शिह त्झू, पर्शियन मांजर, या चपट्या नाकांच्या जातींना मुळातच श्वास अपुरा असतो, त्या घाबरल्या आणि तापल्या की धाप थांबत नाही, म्हणून अनेक कंपन्या त्यांना होल्डमध्ये घेतच नाहीत. साडेनऊचा पग बहुतेक जाडच असेल. आधी वजन उतरवा, हळूहळू, डॉक्टरच्या सल्ल्याने, पिशवी हलकी घ्या आणि केबिनमध्ये बसतोय का बघा. चार महिने तर तुम्हालाही लागणारच आहेत, नेदरलँड्सला पण चिप, लस, रक्त, तीन महिने हेच. तेवढ्यात बसला नाही तर उन्हाळ्यात तरी नेऊ नका.

मेहरूणची_लेक

कालच चिप आणि लस झाली दोघांची. डॉक्टरांनी स्कॅनर आधी दाखवला, नंबर पुस्तकात वर लिहिला, स्टिकर लावलं, मालक म्हणून माझं नाव पासपोर्टच्या स्पेलिंगने. मनीने डॉक्टरांचा हात ओरबाडला. रक्तासाठी डिसेंबरअखेर मुंबईला जाणार, भुसावळच्या दादांच्या बहिणीशी बोलणं झालंय, त्या माऊलीने "कुत्र्याला काय खायला लागतं" एवढंच विचारलं. फॅब्रिकेशनवाल्या भाऊंना शेरूची मापं पाठवली आहेत. सासूबाईंना जिभाऊंचं लिहिलेलं वाचून दाखवलं, त्या काही बोलल्या नाहीत, पण आज सकाळी शिंप्याकडे शेरूच्या कोटासाठी जुनी घोंगडी देऊन आल्या.

शेवटचं एक, फ्रँकफुर्टला उतरल्यावर नेमकं काय करायचं, आणि तिथून स्टुटगार्टला ट्रेनने शेरूला नेता येतं का?

फ्रँकफुर्टचा_अमळनेरकर

सामान घेतलं की कस्टमच्या हिरव्या रस्त्याने (ज्यांना काही सांगायचं नसतं त्यांचा) बाहेर पडू नका, लाल रस्त्याने जा आणि कस्टमवाल्यांना स्वतःहून सांगा की दोन प्राणी आहेत. ते चिप वाचतील, मूळ कागद बघतील, म्हणून मूळ कागद हातातल्या पर्समध्ये, चेक इन बॅगेत नाही. शेरू कुठे मिळेल ते मुंबईच्या काउंटरवरच विचारून ठेवा.

ट्रेनने नेता येतं. पिशवीतल्या मनीचं तिकीट लागत नाही, शेरूसारख्या मोठ्या कुत्र्याचं लागतं, आणि दोरी आणि तोंडाला मझल लागतं. मझल जळगावहूनच घ्या आणि घरी घालून सवय करा. पेटी ट्रेनमध्ये चढवणं अवघड जाईल, मिस्टरांना गाडी भाड्याने घेऊन यायला सांगा, तेच बरं. घरभाड्याच्या करारात कुत्र्याबद्दल काय लिहिलंय ते त्यांनी आत्ताच घरमालकाशी बोलून लेखी घ्यावं, कारण मांजराला सहसा कुणी काही म्हणत नाही पण कुत्र्याला मालकाची परवानगी बघतात. आणि पोचल्यावर शेरूची महापालिकेत नोंदणी करायची, इकडे कुत्र्यावर वर्षाचा कर असतो, हुंडेश्टॉयर म्हणतात, तो भरला की गळ्यात लावायचा बिल्ला मिळतो. मांजरावर कर नाही.